ऊसनोंद संगणकात ठेवा, पण विचारणा फळ्यावर लावा

सभासद बंधू-भगिनींनो,



गळीत हंगाम जवळ आला की गट कार्यालयाच्या दारात दोनच प्रश्न ऐकू येतात. "आमचा ऊस नोंदलाय का?" आणि "तोड कधी?" उतारा, साखरेचा भाव, इथेनॉल हे सगळं त्याच्या मागून. ऊस नोंदीत नसेल तर तो शेतात कितीही जोमदार उभा असो, कारखान्याच्या लेखी तो नाहीच. म्हणून नोंद कशी ठेवायची आणि त्या नोंदीतून तोडीची यादी कशी काढायची, हा विषय कारकुनांवर किंवा कॉम्प्युटरवाल्या पोरांवर सोडून देण्यासारखा नाही. तो आपल्या पोटाचा विषय आहे.

संगणकात माहिती साठवण्याची एक नवी रीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत जगभर रुळली आहे. तिला 'डॉक्युमेंट डेटाबेस' म्हणतात. आज ना उद्या ती आपल्या शेतकी विभागातही येणार. ती काय आहे, आपल्या कामाची आहे का, आणि असेल तर कोणत्या अटींवर घ्यावी, याविषयी एका सामान्य सभासदाचे मत येथे मांडत आहे.

रकाने आणि शेरा

जुन्या ऊसनोंद वहीत रकाने ठरलेले असत. सभासद क्रमांक, नाव, गाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख. संगणक आला तेव्हा हीच वही जशीच्या तशी त्यात गेली. अशा रकान्यांच्या तक्त्यांचे गणित आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या शास्त्रज्ञाने १९७० साली पक्के मांडले, आणि पुढे बँका, विमा, रेल्वे, कारखाने सगळे त्याच वाटेने चालले. प्रत्येक ओळीला तेच रकाने आणि प्रत्येक रकान्यात एकच गोष्ट. पैशाच्या हिशेबाला याहून चांगली रीत अजून निघालेली नाही.

पण शेत रकान्यात बसत नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक? एकाचा एकच गट, एकच लागण. दुसऱ्याचे तीन गावांत चार तुकडे, त्यांत एक आडसाली, दोन खोडवे, एक निडवा. तिसऱ्याचा निम्मा ऊस बेण्याला गेला. चौथ्याच्या दहा गुंठ्याला शॉर्ट सर्किटने आग लागली. पाचवा दुसऱ्याची जमीन खंडाने करतो. एवढ्या सगळ्यासाठी रकाने काढायचे म्हटले तर वही खळ्याएवढी होईल आणि निम्मे रकाने कोरे राहतील.

मग आपले कारकून काय करतात? जे कुठेच बसत नाही ते शेवटच्या रकान्यात कोंबतात. त्या रकान्याचं नाव 'शेरा'. "निम्मे क्षेत्र बेण्यास दिले", "वारस नोंद बाकी", "ओढ्यापलीकडे, ट्रॉली जात नाही". खरी शेती या शेऱ्यातच असते! पण शेऱ्यातून यादी निघत नाही. ट्रॉली न जाणारे सगळे प्लॉट काढून द्या म्हटलं की संगणक गप्प, कारण एकाने "ट्रॉली जात नाही" लिहिलं आणि दुसऱ्याने "रस्ता खराब".

सरकारी कागदाचंही तेच आहे. आपला सातबारा घ्या. त्याच्या सात नंबरच्या नमुन्यात 'इतर अधिकार' म्हणून एक जागा असते. विहिरीतला हिस्सा, सोसायटीचा बोजा, कुळाचा हक्क, जे जे वेगळं ते ते तिथं. जमीन घेणारा शहाणा माणूस आधी तीच जागा वाचतो.

धायरीच्या खात्याचं काय करायचं?

हा प्रश्न आमच्या बाजूला फार टोकाला गेला आहे. सिंहगड रस्त्यालगतचं आमचं धायरी ऑक्टोबर २०१७ मध्ये इतर दहा गावांबरोबर पुणे महापालिकेत गेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून शेतांवर इमारती चढत होत्या. आता असं एक खातं समजा. भाग दाखला आजोबांच्या नावावर. आजोबा वारले, वारस पाच. पत्ता धायरीचा. धायरीतली जमीन बिगरशेती झाली, आणि आलेल्या पैशातून दोघा भावांनी दौंडकडे शेत घेतलं. ऊस तिथं उभा. तिसरा भाऊ नोकरीत, त्याचा हिस्सा चुलतभाऊ करतो. हे खातं कुठल्या रकान्यात बसवणार? वहीत एक ओळ पडते आणि बाकी सगळं शेऱ्यात जातं. अशीच खाती कधी "अक्रियाशील" ठरतात, तर कधी नोंदच होत नाही.

एका खात्याची एक फाईल

डॉक्युमेंट डेटाबेसची कल्पना आपल्या जुन्या दप्तरासारखीच आहे. प्रत्येक खात्याची स्वतंत्र फाईल. फाईलमध्ये ज्याला जेवढी लागतील तेवढी पानं. कोऱ्या रकान्यांची सक्ती नाही. मात्र प्रत्येक माहितीवर तिच्या नावाची चिठ्ठी हवी.

एकाची फाईल चार ओळींची असेल. सभासद क्रमांक. प्लॉट एक: क्षेत्र ४० आर, हंगाम सुरू, जात को ८६०३२, लागण १० जानेवारी. झालं.

धायरीच्या त्या खात्याची फाईल मोठी असेल. मूळ सभासद कोण, वारस कोण कोण, वारस नोंदीचा अर्ज कधी दिला. प्लॉट तीन. पहिल्याला ठिबक, दुसरा खोडवा, तिसऱ्यावर कसणारा वेगळा आणि त्याचं संमतीपत्र जोडलेलं. प्रत्येक प्लॉटच्या पोटात त्याची पाहणी, त्याच्या खेपा. एक फाईल उघडली की सगळं खातं डोळ्यांपुढे.

या जातीच्या डेटाबेसमध्ये 'मोंगोडीबी' हे नाव सर्वांत गाजलं. न्यूयॉर्कच्या एका कंपनीने तो २००९ साली बाहेर काढला. त्याच्या आधीपासून 'काउचडीबी' नावाचाही एक होताच. दुकानदारी, बातम्या, मोबाइलवरचे कार्यक्रम, जिथं जिथं माहितीचा आकार दर वेळी वेगळा असतो, तिथं ही रीत चालली. उसाच्या शेतातून यापुढे येणारी माहितीही तशीच असणार. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, त्यात जमिनीतले सेन्सर आणि उपग्रहाची चित्रं वापरली. आज एका प्लॉटला सेन्सर आहे, शेजाऱ्याच्या नाही. उद्या दुसरंच काही यंत्र येईल. दर वेळी सगळी वही नव्याने आखत बसण्यापेक्षा त्या त्या फाईलमध्ये पान वाढवणं सोयीचं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऊसनोंदीला फाईलची रीत योग्य आहे. पण ती आंधळेपणाने घेऊ नये. तिच्यात एक असा खड्डा आहे की त्यात पडणाऱ्या सभासदाला आपण पडलो हेही कळत नाही.

न लिहिलेलं पान

फाईल साठवली, आता विचारणा कशी करायची? समजा गटप्रमुखाला तोडीची पाळी लावायची आहे. तो संगणकाला सांगतो: "आडसाली लागण, १५ जुलै ते १५ ऑगस्टमधली, आणि तोड 'बाकी' असलेले प्लॉट दे." संगणक फाईली चाळतो आणि यादी देतो. हजारो फाईली एकेक करून चाळायला लागू नयेत म्हणून लागणीच्या तारखेची वेगळी सूची करून ठेवता येते, पुस्तकाच्या मागं असते तशी. यादी क्षणात येते.

आता नीट पाहा. एखाद्या खात्याच्या फाईलमध्ये नोंद करणाऱ्याने 'तोड' हे पानच उघडलं नाही. 'बाकी' नाही, 'झाली' नाही, काहीच नाही. तर "तोड बाकी असलेले दे" या विचारणेत ते खातं येणारच नाही! संगणक ओरडत नाही, चूक दाखवत नाही, कोरी जागाही सोडत नाही. जुन्या वहीत कोरा रकाना डोळ्यांना दिसत तरी होता. इथं पानच नाही, तर दिसणार काय?

तीच विचारणा जराशी फिरवून करा: "तोड 'झाली' असे नसलेले सगळे दे." आता ते खातं यादीत येतं, कारण ज्या फाईलमध्ये ते पानच नाही तीही "झाली नाही" यात मोडते. बोलताना दोन्ही वाक्यं एकाच अर्थाची वाटतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी वाक्यं आहेत आणि त्यांच्या दोन वेगळ्या याद्या निघतात. एका यादीत तुमचं नाव आहे, दुसरीत नाही. आडसाली ऊस तुरा येऊन महिनाभर जास्त उभा राहिला की पांगशा फुटतात, दशी पडते, वजन घटतं. नुकसान कुणाचं? विचारणा लिहिणाऱ्याचं नक्कीच नाही.

दुसरा खड्डा मापाचा. फाईलला रकान्याची सक्ती नाही म्हणजे कुणी क्षेत्र हेक्टरमध्ये लिहील, कुणी आरमध्ये, कुणी एकरात. "क्षेत्र १ पेक्षा जास्त असलेले दे" म्हटलं की एका एकराच्या वरचे आणि एका हेक्टरच्या वरचे एकाच दावणीला. ४० आर लिहिणारा तर सगळ्यांत मोठा बागायतदार ठरेल! तारखेचंही तसंच. तारीख तारीख म्हणून न घालता नुसती अक्षरं म्हणून घातली तर संगणक तिची क्रमवारी अक्षरांप्रमाणे लावतो, आणि पाळीपत्रकाचा बोऱ्या वाजतो.

तिसरा खड्डा पुनरुक्तीचा. टोळीच्या मुकादमाचा फोन प्रत्येक फाईलमध्ये लिहून ठेवला आणि तो बदलला, तर शंभर ठिकाणी बदलावा लागेल. नव्वद ठिकाणी बदलला आणि दहा ठिकाणी राहिला की भांडण. अशा सामाईक गोष्टींची वेगळी फाईल करून इथं फक्त तिचा क्रमांक टाकावा. जे त्या खात्याचं स्वतःचं तेवढंच पोटात ठेवावं. फाईल फुगवतही नेऊ नये. मोंगोडीबीत एका फाईलला १६ मेगाबाइटची मर्यादा आहे, आणि मर्यादा नसती तरी वीस हंगामांच्या खेपा एकाच फाईलमध्ये कोंबणं हे चांगलं दप्तर नव्हे. दर हंगामाची फाईल वेगळी असावी.

पैसा मात्र खतावणीतच

माझ्या मते उसाच्या पैशाचा हिशेब फाईलच्या रीतीने ठेवू नये. वजनकाट्यावर खेप झाली, बिल निघालं, सोसायटीची कपात झाली, उरलेली रक्कम बँकेत गेली. या चार गोष्टी एक तर सगळ्या होतात, नाही तर एकही होत नाही, असं बंधन हवं. मधेच वीज गेली आणि कपात झाली पण जमा झाली नाही, असं चालणार नाही. रकान्यांच्या तक्त्यांना हे बंधन पहिल्यापासून अंगवळणी आहे. मोंगोडीबीत अनेक फाईलींवर मिळून असं बंधन घालण्याची सोय २०१८ साली आली. ती आहे म्हणून वापरलीच पाहिजे असं नाही. पोळपाटावर भाजी चिरता येते, म्हणून विळी मोडीत काढू नये.

दोन्ही रीती एका छपराखाली नांदू शकतात. 'पोस्टग्रेस' नावाचा तक्त्यांचा जुना, फुकट मिळणारा डेटाबेस आहे. २०१४ पासून त्यात रकान्याच्या पोटात अख्खी फाईल ठेवता येते आणि तिच्यात शोधही घेता येतो. पैसा तक्त्यात आणि शेताची हकीकत फाईलमध्ये, असं एकाच ठिकाणी जमतं. कुठली कंपनी चांगली हे मी सांगत नाही. विकायला येणारा माणूस "आमच्याकडे सगळं एकाच रीतीत बसतं" म्हणाला, तर संचालक मंडळाने त्याला दोन प्रश्न जास्त विचारावेत, एवढंच.

आणि कुलूप. जानेवारी २०१७ मध्ये जगभरातले हजारो मोंगोडीबी चोरट्यांनी पुसून टाकले आणि माहिती परत हवी तर खंडणी द्या म्हणाले. दोष डेटाबेसचा कमी, मालकांचा जास्त. त्यांनी तो इंटरनेटवर बिनपासवर्डचा उघडा टाकला होता. आपल्या फाईलीत बँक खातं, आधार, वारसांची नावं असणार. गोठ्याला कडी घालतो तशी त्यालाही घातली पाहिजे, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या गावात असली पाहिजे.

वारणेने काय शिकवलं

सहकारी साखर कारखान्यांत संगणक गावापर्यंत नेण्याचा मोठा प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी समूहाभोवतालच्या कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी सरकारच्या मदतीने 'वायर्ड व्हिलेज' योजना सुरू झाली. गावोगाव संगणक केंद्रं. बाजारभाव, शेतीसल्ला, सरकारी दाखले असं बरंच काही द्यायचा बेत होता. पुढे २००७ च्या आसपास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधकांनी तिथं जाऊन पाहिलं, तर शेतकऱ्याला हवं होतं ते साधंच: माझा ऊस किती टन गेला, खत किती उचललं, तोडीचा परवाना आला का. मग त्यांनी ७ गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलचा संदेश ठेवला. शेतकऱ्याने क्रमांक पाठवायचा, कारखान्यातून उत्तर यायचं. काम भागलं, आणि खर्चही कमी.

मला यातून दिसतं ते असं. सभासदाला मोठा पडदा नको, चित्रं नकोत. त्याला स्वतःच्या फाईलला प्रश्न विचारता यायला हवा आणि उत्तर मराठीत, त्याच्या हातातल्या फोनवर यायला हवं. आतला डेटाबेस कुठल्या जातीचा हे त्याला न कळलं तरी बिघडत नाही.

हक्क आहेच, वापरायचा कसा?

कुणी म्हणेल, ही संचालकांच्या मेहेरबानीची गोष्ट झाली. तसं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे, संस्थेच्या दप्तरात आपल्या स्वतःच्या व्यवहाराची जेवढी नोंद आहे ती कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहण्याचा प्रत्येक सभासदाला हक्क आहे. फी भरून नक्कलही मागता येते. कायदा झाला तेव्हा दप्तर म्हणजे वही होती. आता दप्तर संगणकात गेलं म्हणून हक्क गेला, असं होत नाही. तसंच ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, न दिल्यास दर साल दर शेकडा १५ प्रमाणे व्याज. "ऊस आला, १४ दिवस उलटले, पैसे जमा नाहीत, अशी खाती किती?" ही एका ओळीची विचारणा आहे. ती संगणकाला रोज सकाळी करता येते. करायची की नाही, हा मनाचा प्रश्न आहे.

म्हणून येत्या वार्षिक सभेत सभासदांनी पुढील मागण्या कराव्यात, अशी माझी सूचना आहे.

१. फाईलची रीत घेण्याआधी चिठ्ठ्यांची नावं आणि मापं ठरवून छापावीत. क्षेत्र फक्त आरमध्ये. 'तोड', 'हंगाम', 'लागण तारीख' ही पानं प्रत्येक प्लॉटला सक्तीची, आणि ती नसतील तर संगणकाने फाईल स्वीकारूच नये. अशी सक्ती डॉक्युमेंट डेटाबेसमध्येही घालता येते.

२. दर आठवड्याला "पान नसलेल्या" फाईलींची यादी काढून गट कार्यालयात लावावी. चिटबॉयने त्या शेतावर जाऊन पान भरून घ्यावं.

३. तोडीची यादी लागते तशी ती यादी ज्या विचारणेतून निघाली ती विचारणाही साध्या मराठीत शेजारी लावावी. कुठली तारीख धरली, कुठला हंगाम, कुणाला वगळलं आणि का.

४. पैशाचा हिशेब तक्त्यातच राहावा आणि लेखापरीक्षकाला दोन्हीकडचा मेळ दाखवावा.

५. प्रत्येक सभासदाला आपली फाईल फोनवर किंवा गट कार्यालयाच्या खिडकीवर पाहता यावी. चूक दिसली तर अर्ज, आणि दुरुस्ती कुणी केव्हा केली याची नोंद त्याच फाईलमध्ये.

या पाचांत मला तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची वाटते. पूर्वी पाळी चुकली तर आपण गटप्रमुखाला तोंडावर विचारत होतो. तो उत्तर देई, कधी चिडे, पण समोर एक माणूस होता. आता उत्तर मिळतं, "संगणकानेच यादी काढली." संगणक स्वतःहून यादी काढत नाही. त्याला कुणीतरी विचारतो आणि तो विचारल्याप्रमाणे देतो. विचारणा झाकलेली राहिली तर पक्षपात आणि चूक यांतला फरक कधीच कळणार नाही. ती फळ्यावर आली तर आपल्यातला चौथी शिकलेला सभासदही बोट ठेवून सांगेल, "आहो, यात खोडव्याचं नावच घेतलेलं नाही!"

आमच्या धायरी-नऱ्ह्याकडे आता घरोघर संगणकाचं शिकलेली पोरं आहेत. शेत गेलं तरी आजोबांचा भाग दाखला अजून घरात आहे. त्या पोरांना कारखान्याने बोलवावं, शेतकी विभागाच्या लोकांशेजारी बसवावं. शेत कसं असतं ते चिटबॉय सांगेल, फाईल कशी लिहायची ते पोरं सांगतील. सभासदांनी मात्र दोघांनाही विचारायचं सोडू नये.



आपला,
एक सभासद, धायरी (ता. हवेली)